जे या लेण्यात राहतील

मंडळी, गेल्या श्रावणात मी भाज्याच्या लेण्यांत पावसानं अडकलो होतो. पायऱ्या चढून वर पोहोचलो आणि सर अशी कोसळली की समोरचं इंद्रायणीचं खोरं दिसेनासं झालं. चैत्यगृहाशेजारच्या एका खोलीत शिरलो. दार इतकं ठेंगणं की मान लववावी लागली. आत कातळातच कोरलेला एक ओटा, जेमतेम एक माणूस कुशीवर झोपेल एवढा. भिंतीत एका पणतीपुरता कोनाडा. दाराशी वर एक आणि खाली एक अशा दोन गोल खोबणी. लाकडी दाराची खुंटी त्यांत फिरायची. बाहेर कड्यावरून पाण्याचा पडदाच्या पडदा लोंबत होता आणि खोलीत थेंबही नव्हता. तासभर मी त्या ओट्यावर बसून होतो. भिक्खूंची घरं पावसातून जन्माला आली हे वाचून मला माहीत होतं. त्या दिवशी ते अंगाला कळलं.

उद्या सकाळी आपल्यातले बरेच जण पांडवलेण्यांवर चढणार आहेत. तिथं पाहायचं काय, हे सांगण्याआधी मी तुम्हाला थोडं मागे, मगधात नेतो. कारण नाशिकच्या भिंतीवरचं एक वाक्य मुळात राजगृहातलं आहे.

सुरुवातीला घर नव्हतंच. उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, घेणाऱ्या भिक्खूला चार आधार सांगितले जात. त्यांना निस्सय म्हणत. भिक्षेचं अन्न, चिंध्यांचं चीवर, झाडाचं बूड आणि औषधाला गोमूत्र. झाडाचं बूड म्हणजे रुक्खमूल, हाच त्याचा निवारा. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, या प्रत्येक आधारापुढे एक जोड आहे. विहार मिळाला, प्रासाद मिळाला, गुहा मिळाली, तर तो ‘अतिरेकलाभ’. आपल्या भाषेत वरकड. हक्काचं काय, तर झाडाखालची जागा. छप्पर मिळालं तर वरकड. पुढे शेकडो खोल्या कोरल्या गेल्या, तरी दीक्षेच्या वेळचे हे शब्द कुणी बदलले नाहीत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मग पाऊस आडवा आला. भिक्खू पावसाळ्यातही हिंडत होते आणि लोक कुरकुरू लागले. हे श्रमण हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. इतर पंथांचे साधूसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात. अहो, पाखरंदेखील झाडाच्या शेंड्यावर घरटी करून पावसाळा काढतात, यांना तेवढंही कळत नाही? ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि वस्सावासाचा नियम झाला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एका जागी राहायचं. ज्याला तेव्हा जमलं नाही, त्यानं महिनाभरानं सुरू करायचं. चातुर्मासाची सवय असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पण त्या तक्रारीतलं क्रियापद पाहा. पाखरं पावसाळ्यात घरट्यात ‘अल्लीयिस्सन्ति’. ‘ली’ धातू, लीन होणे, अंग चोरून बिलगून बसणे. याच धातूपासून पालीतला आणि प्राकृतातला ‘लेण’ शब्द झाला. लेण म्हणजे अंग लपवण्याची जागा, आसरा. आपण ज्याला लेणं म्हणतो ते हेच. अंगावर लेण्याचं लेणं हा शब्द निराळा. सह्याद्रीनं ल्यालेले दागिने म्हणून ही लेणी, असं लिहिण्याची हौस पुष्कळांना असते. वाक्य गोड आहे, पण शब्दाचं मूळ तिथं नाही. मूळ त्या पाखरांच्या घरट्यात आहे.

वस्सावास कुठं करायचा नाही, याचीही यादी विनयात आहे, आणि ती वाचताना माणसं डोळ्यांपुढे येतात. झाडाच्या ढोलीत नाही. फांद्यांच्या बेचक्यात नाही. उघड्यावर नाही. छत्रीखाली नाही. मोठ्या रांजणात नाही. याचा अर्थ कुणीतरी रांजणात पावसाळा काढायचा प्रयत्न केला होता! प्रत्येक नियमामागे असा एखादा भिजलेला माणूस आहे. उलट गुराख्यांच्या तळावर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर किंवा नावेवर वस्सावास चालतो. तळ हलला तर भिक्खूनंही त्याच्याबरोबर जावं. गुराखी, तांडे आणि नावा हे तीन शब्द लक्षात ठेवा. सह्याद्रीत आल्यावर लागतील.

आता राजगृहाची गोष्ट. तिथला एक सेठी, म्हणजे श्रेष्ठी, पहाटे बागेकडे निघाला होता. रानातून, झाडांखालून, डोंगरकपारीतून, मसणवटीतून भिक्खू एकेक करून बाहेर येताना त्यानं पाहिले. चालणं संथ, नजर खाली. त्यानं विचारलं, मी विहार बांधले तर त्यात राहाल का? बुद्धांना विचारण्यात आलं आणि त्यांनी पाच प्रकारच्या लेणांना परवानगी दिली. विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. पासाद मजल्यांचा, हम्मियावर माडी, अड्ढयोगाचं छप्पर वाकडं. सेठीनं एका दिवसात ६० विहार उभे केले, असं विनय सांगतो.

एका दिवसात ६०! म्हणजे विहार ही झोपडी होती, एका माणसाची कुटी. आज विहार म्हटलं की आपल्यासमोर मोठा मंडप आणि भोवती खोल्या येतात. तो अर्थ पुष्कळ नंतरचा. शब्द तोच राहिला आणि त्याच्या पोटात घर वाढत गेलं. आधी एक कुटी, मग कुट्यांचा समूह, मग सगळं आवार, आणि शेवटी त्यावरून एका प्रांताचंच नाव बिहार पडलं.

सेठीनं विचारलं, या विहारांचं आता मी काय करू? उत्तर मिळालं, ते चारही दिशांच्या, आलेल्या आणि न आलेल्या संघाला दे. ‘आगतानागतस्स चातुद्दिसस्स सङ्घस्स.’ या शब्दांवर मी थोडा रेंगाळणार आहे. घर समोरच्या भिक्खूला द्यायचं नाही. त्याच्या गुरूला द्यायचं नाही. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून जो कुणी येईल, आज आलेला असो की अजून जन्मालाही न आलेला असो, त्या सगळ्यांना मिळून द्यायचं. मालक असा कुणी एक उरतच नाही. दान स्वीकारताना बुद्धांनी ज्या गाथा म्हटल्या त्यांत स्वर्गाची वर्णनं आधी येत नाहीत. विहार थंडी अडवतो, ऊन अडवतो, हिंस्र जनावरं, साप, डास आणि पाऊस अडवतो. ‘मकसे’ असा डासांचा नाव घेऊन उल्लेख आहे. आणि मग, ‘लेणत्थञ्च सुखत्थञ्च’. आसऱ्यासाठी, सुखासाठी, ध्यानासाठी.

या झोपड्या किती टिकत? पावसाळ्यापुरत्या. धनियाच्या गोष्टीतून हे चांगलं कळतं. धनिय हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळच्या इसिगिली डोंगराच्या उतारावर त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी गवताच्या कुट्या बांधल्या. तीन महिने संपले तसे बाकीच्यांनी कुट्या मोडल्या, गवत-लाकूड नीट ठेवलं आणि चालू लागले. धनिय मात्र तिथंच राहिला. तो भिक्षेला गेला की गवत आणि लाकडं वेचणाऱ्या बाया त्याची कुटी उचकटून न्यायच्या. असं तीनदा झालं. शेवटी त्यानं आपली विद्या काढली. सगळी कुटी चिखलाची लिंपली आणि गवत, लाकडं, शेणी रचून भाजून काढली. लालबुंद झाली, इंद्रगोपासारखी. आपण ज्याला मृगाचा किडा म्हणतो ना, त्या रंगाची. टिचकी मारली की घुंगरासारखी वाजायची. बुद्धांनी ती वरून पाहिली आणि मोडायला सांगितली. चिखल तुडवताना आणि भट्टी लावताना किती जीव मेले असतील, आणि पुढचे भिक्खू याचंच अनुकरण करतील, म्हणून.

धनियाबद्दल मला नेहमी माया वाटते. कुंभाराच्या हातची सगळ्यात सुंदर वस्तू त्यानं केली असणार. पण निर्णयही समजतो. घर घडवण्याची हौस एकदा सुटली की तिला बांध नसतो. आळवी गावच्या भिक्खूंचं तेच झालं. ते स्वतःसाठी कुट्या बांधत सुटले आणि लोकांकडे मागत सुटले. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, वेळू द्या, गवत द्या. लोक इतके कंटाळले की दुरून गाय दिसली तरी भिक्खू आला समजून वाट बदलू लागले. तेव्हा माप ठरलं. स्वतःसाठी मागून बांधायची कुटी आतून लांबीला १२ वीत, रुंदीला ७ वीत, सुगताच्या, म्हणजे बुद्धांच्या, वितेनं. जागा संघाला दाखवायची. तिथं जीवजंतूंचं वारूळ-बीळ नको, आणि कुटीभोवती बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा हवी. आज एखाद्या लेण्यातल्या खोलीत गेलात की तिच्या लहानपणाचं नवल वाटतं. ते दगड कठीण होता म्हणून नाही. खोलीनं केवढं असावं हे आधीच ठरलं होतं.

भाज्याचा तो ओटाही असाच नियमांतून आला आहे. भिक्खू जमिनीवर झोपायचे, अंग आणि चीवर धुळीनं माखायचं. म्हणून गवताच्या चटईला परवानगी मिळाली. चटया उंदरांनी आणि वाळवीनं खाल्ल्या. म्हणून ‘मीढि’, म्हणजे भरीव ओटा आला. ओट्यावर अंग आंबायला लागलं, म्हणून वेताचा बाक आला. खिडक्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. कठड्यासारखी वेदिकेची, जाळीची आणि गजांची. आता भाजे, कोंडाणे, बेडसे इथल्या दर्शनी भिंती आठवा. वेदिकेची नक्षी, जाळीची नक्षी, कमानींच्या ओळी. लाकूडकामात जे गरजेचं होतं ते दगडात शोभेचं होऊन बसलं.

मगधातली ती लाकडी-गवती घरं अर्थातच राहिली नाहीत. राहिल्या त्या आठवणी आणि थोडे पाये. बिंबिसारानं वेळुवन दिलं तेव्हा जागा कशी असावी याचा त्यानं केलेला विचार विनयात आहे. गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, जाण्यायेण्याला सोयीची, दिवसा गर्दी नाही, रात्री गलका नाही. भिक्षेला रोज जायचं आहे आणि ध्यानालाही बसायचं आहे, तर याहून नेमकी जागा दुसरी कुठली? सह्याद्रीतली कुठलीही लेणी या मापानं तपासून पाहा. बहुतेक ठिकाणी सकाळी गावात उतरून ऊन चढायच्या आत वर परतता येतं. अनाथपिंडिक या श्रेष्ठीनं राजपुत्र जेताकडून घेतलेलं जेतवन भारहुतच्या स्तूपावरच्या शिल्पात कोरलं आहे. बैलगाडीतून नाणी उतरवत आहेत, माणसं ती जमिनीवर अंथरत आहेत, आणि खाली लिहिलं आहे, ‘जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता’. कोटी अंथरून विकत घेतलेलं जेतवन अनाथपिंडिक देतो आहे. राजगृहाला जीवक वैद्याचं आम्रवन म्हणून जी जागा ओळखली जाते, तिथं उत्खननात लांबट, दोन्ही टोकांना गोलावलेल्या मोठ्या दालनांचे पाये मिळाले. चौक नाही, भोवती खोल्या नाहीत. लांबलचक पडवीसारखी दालनं. हे आपल्या परिचयाच्या विहारापेक्षा अगदी वेगळं आहे. आणि तरीही बेडशाचा विहार पाहिला की मला ते पाये आठवतात. तोही मागच्या बाजूला गोलावलेला आहे आणि त्याचं छत कमानदार आहे. विहारांत तसा तो एकटाच. थेट नातं मी जोडत नाही. पण चौकोनी आराखडा रुळण्याआधी लोकांच्या मनात दुसरेही आराखडे होते, एवढं बेडसे नक्की सांगतं.

दगडात घर कोरायला सुरुवात झाली तीही बौद्धांसाठी नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गयेजवळच्या बराबर टेकड्यांत अशोकानं आपल्या राज्याभिषेकाच्या १२व्या वर्षी आजीविकांना, म्हणजे दुसऱ्याच एका पंथाच्या साधूंना, गुहा दिल्या. आरशासारख्या घोटलेल्या. सुदामा गुहेत तर आतल्या भिंतीला गवताच्या वळचणीसकट एक गोल झोपडीच कोरली आहे. शेजारच्या नागार्जुनी टेकडीवर अशोकाचा नातू दशरथ यानं आजीविकांना गुहा दिल्या, तिथल्या शिलालेखात हेतू लिहिला आहे, ‘वासनिसिदियाये’. पावसाळ्याच्या मुक्कामासाठी. आणि मुदत? ‘आ चंदमसूलियं’. चंद्रसूर्य आहेत तोवर. एकाच वाक्यात तीन महिने आणि चंद्रसूर्य! डोंगरातल्या घराचं सगळं वैशिष्ट्य या वाक्यात आलं. मुक्काम थोडा, घर कायमचं.

आता सह्याद्री. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराला भाजे, कोंडाणे, पितळखोरे, अजिंठ्याचं नववं-दहावं लेणं आणि बारावा विहार ही कामं दिसू लागतात. आपल्याकडचा कातळ आडव्या थरांचा, एकजीव. वरून खाली कोरत आलं की परांची लागत नाही. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. पाऊस धो धो, तोही नेमाचा चार महिन्यांचा. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून निघालेले तांडे नाणेघाटातून, बोरघाटातून वर चढायचे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी कार्ल्याच्या परिसरात पायी हिंडून लेणी आणि व्यापारी वाटा यांचा संबंध दाखवला. मघाशी मी गुराखी, तांडा आणि नाव हे शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते यासाठी. या वाटांवर हे तिघंही होते. पितळखोऱ्याला पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तर विकणाऱ्याचं दान आहे आणि मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरचंही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहावर वैजयंती नगरीचा सेठी भूतपाल म्हणतो, जंबुद्वीपातलं उत्तम सेलघर, म्हणजे दगडी घर, मी पुरं केलं. राजगृहाच्या सेठीचीच ही पुढची पिढी.

अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात उभं राहिलं की विहाराचा रुळलेला आराखडा सगळ्यात स्वच्छ दिसतो. मधे चौकोनी मंडप, तीन बाजूंना चार-चार अशा १२ खोल्या, प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे. खोल्यांच्या दारांवर चैत्यकमानी. कुठं मूर्ती नाही. हा चौक कुठून आला यावर मतभेद आहेत. वायव्येकडे, तक्षशिलेच्या बाजूला, संरक्षणासाठी चौकोनी विहार बांधले गेले आणि तिथून आराखडा पसरला, असं पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी मांडलं. मला ते आपल्या लेण्यांना लागू पडेलसं वाटत नाही. आपल्याकडचे चौक जुने आहेत, आणि चौकाभोवती खोल्या असणं ही या देशातल्या घराची जुनीच रीत आहे. चतुःशाल म्हणा, चौसोपी म्हणा. जो शेतकरी किंवा व्यापारी दान देत होता त्याचं घर असंच होतं. त्यानं भिक्खूंना आपल्यासारखंच घर दिलं, चूल आणि कोठार तेवढं वगळून.

पण सगळीकडे चौक आला नाही. कान्हेरीला जाल तर शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतली बरीचशी अगदी छोटी आहेत. चार पायऱ्या, लहानशी ओसरी, बसायला बाक, आत एक खोली, आणि दाराशी पाण्याचं टाकं. लेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. छतावर पडलेलं पाणी कोरलेल्या पन्हळींतून थेट टाक्यात येतं. राजगृहाच्या त्या ६० विहारांतला एक विहार दगडात पाहायचा असेल तर तो कान्हेरीला दिसतो. एका माणसाची कुटी, शेजारी दुसरी, वर तिसरी. मोठा दरबार मंडप वेगळा. कान्हेरीचा एक दाता मंगलठाणचं शेत देतो. ते मंगलठाण म्हणजे बोरिवलीजवळचं आजचं मागाठाणे, असं अभ्यासक मानतात. शेताच्या उत्पन्नातून भिक्खूला चिवरासाठी आणि वहाणांसाठी पैसे. वहाणांचा विचार करणारा दाता मला फार जवळचा वाटतो. कान्हेरीचा कातळ मेमध्ये कसा तापतो ते त्याला माहीत होतं.

आणि आता तुमचं नाशिक. लेण्याच्या लेखात या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ आहे. उद्या दहाव्या लेण्यापाशी जरा वेळ काढा. व्हरांड्यातल्या भिंतीवर ब्राह्मीत लिहिलं आहे, वर्ष ४२, वैशाख महिना, क्षहरात क्षत्रप राजा नहपानाचा जावई, दिनिकाचा मुलगा उषवदात यानं ‘संघस चातुदिसस इमं लेणं नियातितं’. चारी दिशांच्या संघाला हे लेणं दिलं. राजगृहाच्या सेठीला सांगितलेलं वाक्य इथं येऊन पोहोचलं आहे. मधे काही शतकं गेली, भाषा मगधाची राहिली नाही, देणारा शकांच्या घरातला. वाक्य तेच.

पुढे तो ३००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवतो. कुणासाठी? ‘ये इमस्मिं लेणे वसांतानं भविसंति.’ जे या लेण्यात राहणारे असतील त्यांच्यासाठी. ‘भविसंति’, होतील. भविष्यकाळ! पैसे गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक टक्क्यानं, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं खायचं. हिशेब करून पाहा. दोन हजारांचं महिन्याचं व्याज २०, वर्षाचं २४०. आणि लेख सांगतो, या लेण्यात वस्सावास केलेल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी. २० गुणिले १२, बरोबर २४०. एक कार्षापणही इकडचा तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला गेला आणि फलकावर नोंदला गेला. शिवाय ८००० नारळाची झाडं. हा हिशेब मी प्रथम कागदावर मांडला तेव्हा अंगावर काटा आला होता. जे भिक्खू अजून जन्मालाही आले नव्हते, त्यांच्या चिवराची सोय कोष्ट्यांच्या मागावर बसून कुणीतरी करत होतं.

त्याच व्हरांड्याच्या टोकाला एका खोलीच्या दारावर आणखी एक छोटा लेख आहे. उषवदाताची बायको, नहपानाची मुलगी दखमित्रा हिनं दिलेला ‘ओवरक’. देवळाभोवतालच्या ओवऱ्या आपण म्हणतो, ती ओवरी हीच. एक खोली. नवऱ्यानं लेणं दिलं, हिनं स्वतःच्या नावानं त्यातली एक ओवरी दिली. ‘देयधम’, म्हणजे धर्मदान, असा शब्द तिनं वापरला आहे.

बायकांचा विषय निघाला तर एक सांगायला हवं. लेण्यांच्या लेखांत भिक्खुणी दाता म्हणून अनेकदा भेटतात. त्या राहत कुठं होत्या? विनयानं भिक्खुणींना रानात राहायला मनाई केली, रानात त्यांच्यावर अत्याचार झाले म्हणून. त्यामुळे त्यांची घरं गावात, वस्तीत. जुन्नरच्या एका लेखात धम्मोत्तरीय या बौद्ध पंथाच्या भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख येतो. ते घर विटा-लाकडाचं असणार, आज नाही. डोंगरातलं घर टिकलं, गावातलं गेलं. लेण्यांवरून आपण संघाचं जे चित्र रंगवतो त्यात अर्धा संघ दिसत नाही, त्याचं कारण हे आहे. कृपा करून उद्या तेवढं मनात असू द्या.

पाचव्या शतकातल्या अजिंठ्याबद्दल आज थोडक्यात. वाकाटकांचा सचिव वराहदेव याचं सोळावं लेणं पाहिलंत की बदल लगेच कळतो. मागच्या भिंतीत मधोमध मोठं गर्भगृह आणि त्यात बसलेले बुद्ध. जेतवनातल्या बुद्धांच्या खोलीला गंधकुटी म्हणायचे. हाच शब्द अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या लेखात येतो. विहारात आता बुद्ध स्वतः राहायला आले. बाकीचे वर्षावासापुरते, ते कायमचे. घराचं मंदिर होण्याची सुरुवात इथं झाली. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण जातो, तो मंडप मुळात असाच विहार, एकही खांब नसलेला. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागे सहा खोल्या. मागच्या मधल्या दोन खोल्यांत आता देव आहे. दर्शन झालं की दोन मिनिटं बाजूच्या ओवऱ्यांत डोकवा, एवढी माझी विनंती असते.

जाता जाता दब्ब मल्लपुत्ताची आठवण सांगतो. राजगृहात भिक्खूंना राहायच्या जागा वाटून देण्याचं काम त्याच्याकडे होतं. सुत्त म्हणणाऱ्यांना सुत्त म्हणणाऱ्यांजवळ, विनय जाणणाऱ्यांना विनय जाणणाऱ्यांजवळ, ध्यान करणाऱ्यांना ध्यानी लोकांजवळ तो जागा द्यायचा. काही जण मुद्दाम रात्री उशिरा यायचे. मग दब्ब आपलं बोट पेटवून त्याच्या उजेडात त्यांना घेऊन जायचा आणि दाखवायचा, हा मंचक, ही उशी, इथं पिण्याचं पाणी, इथं धुण्याचं पाणी, ही काठी.

आणि निघणाऱ्या भिक्खूनं काय करायचं, तेही विनयात बारकाईनं सांगितलं आहे. लाकडाची-मातीची भांडी आवरून ठेवायची. कुणी भिक्खू असेल तर त्याला विचारून खोली त्याच्या हवाली करायची. भिक्खू नसेल तर सामणेराला, म्हणजे नवशिक्या श्रमणाला, सांगायचं, तोही नसेल तर विहाराच्या आवाराच्या राखणदाराला. कुणीच नसेल तर चार दगड मांडायचे, त्यांवर मंचक ठेवायचा, मंचकावर मंचक रचायचा, वाळवी लागू नये म्हणून. छप्पर गळत असेल आणि जमत असेल तर शाकारायचं. मग दारं-खिडक्या लावून निघायचं. उद्या दहाव्या लेण्यात खोल्यांच्या चौकटींना वर आणि खाली हात लावून पाहा. दाराच्या त्या खोबणी बोटाला लागतील.